स्क्रिप्टमध्ये नसलेलं नाव

नमस्कार मंडळी. गेली दोन-तीन वर्षं मी इथले अनुभव वाचतोय आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचतोय. कुणाला घाटात बाई दिसली, कुणाचा पंखा आपोआप फिरला... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. प्रतिक्रियांमध्ये "आधी वायरिंग तपासून घ्या" असं खोचक लिहिणारा जो एक शहाणा असतो ना, तो बऱ्याचदा मीच असायचो. त्यामुळे आता माझ्या अनुभवाखाली कुणी "केबल तपासा" असं लिहिलं तर मला राग यायचा अधिकार नाही. पण सांगून ठेवतो, केबल तपासली आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. बायको म्हणते, हा देवळात गेला तरी देवाकडे कमी आणि चप्पल चोरीला जाईल का याकडे जास्त बघतो. शिवाय ज्याच्यामुळे हे लिहितोय तो माणूस चांगला जिवंत आहे. म्हणजे भूत म्हणायचीही सोय नाही. हे लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली ती भीतीने नाही... लाजेने. का ते कळेलच.

मी मंदार. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. प्रोग्रॅमिंग करतो. दुकानं, पतसंस्था, दूध डेअऱ्या यांची लहानसहान सॉफ्टवेअरं बनवतो. माझे मोठे मामा, दत्तामामा, कसबा बावड्याच्या पुढे नदीकाठच्या एका गावात राहतात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मामा तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आहेत. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : नदीचं पाणी मोटरने उचलायचं आणि सभासदांच्या उसाला पाळीपाळीने द्यायचं, हे या संस्थेचं काम. पाळीवरून भांडणं रोजची. "माझी पाळी त्याला दिली," "ह्याला जास्त वेळ सोडलं," असं कुणी ना कुणी मामांच्या दारात उभं असायचंच.

मामा एकदा वैतागून म्हणाले, "आरं मंदार, तू एवढा कॉम्प्युटरवाला, ह्या पाळ्यांचं कायतरी कर की लेका. माणसाचं ऐकत न्हाईत, मशीनचं तरी ऐकतील."

मी केलं. सगळे सभासद आणि त्यांच्या पाळ्या एका डेटाबेसमध्ये घातल्या. नदीवर मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड असतं, त्याला फोन गेला की मोटर चालू होते. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती पाळीच्या वेळी डेटाबेसला जोडून घेते, कुणाची पाळी आहे ते वाचते, त्या सभासदाला मेसेज पाठवते आणि स्टार्टरला फोन लावते. बस्स. माणसाचा संबंधच नाही. निदान मला तरी तसं वाटत होतं.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, कारण सगळी गोम त्यातच आहे. स्क्रिप्ट जेव्हा डेटाबेसशी कनेक्शन करते तेव्हा ती सांगते की मशीन कुठलं, युजर कोण, पासवर्ड काय आणि डेटाबेस कुठला. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला नाव सांगून आत जावं, तसाच प्रकार. नाव आणि पासवर्ड जुळला की आत. नाही जुळला तर उत्तर येतं, ॲक्सेस डिनाइड फॉर युजर अमुक. हा "अमुक" म्हणजे तुम्ही स्वतः दिलेलं नाव. डेटाबेस आपल्या मनाने कुणाचं नाव काढत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये युजरचं नाव होतं "संस्था". पहिल्या दिवसापासून तेच.

आता भिवा. नदीकाठी संस्थेची जॅकवेल आहे. म्हणजे काँक्रीटची मोठी गोल विहीर, तिच्यात नदीचं पाणी येतं आणि वर मोटर. त्या मोटरवर भिवा नोकरीला. माझ्यापेक्षा वयाने चांगलाच मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. तोही मला "सायेब" म्हणायचा आणि मला ते आवडायचं. माझी सिस्टिम आल्यावर त्याचं अर्धं काम गेलं. आपली नोकरी जाणार असं त्याला वाटतंय, असं मामांच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. तो स्वतः कधी काही बोलला नाही. पण मी मनात पक्कं करून टाकलं होतं की हा माणूस माझ्या सिस्टिमच्या वाईटावर आहे.

त्याच्याशी माझा एकदा वादही झाला होता. पंचगंगेत जलपर्णी किती असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ती जॅकवेलमध्ये येऊन खालच्या फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाइपच्या तळाच्या झडपेला, अडकते, मग कुणीतरी आत उतरून काढावी लागते. भिवा उतरताना स्टार्टरचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात घालायचा. सगळेच मोटरवाले तसं करतात. पण किटकॅट काढलं की माझा मोबाईल स्टार्टर बंद पडायचा, पुन्हा नेटवर्क पकडायला वेळ लागायचा, आणि सिस्टिम ऑफलाईन दिसायची.

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. "इथून पुढे किटकॅटला हात लावायचा नाही. आत उतरायच्या आधी मला फोन करायचा. मी इथून सिस्टिम बंद करतो. एक क्लिक आहे."

"आनि फोन न्हाय उचललासा तर?"

"मी कट केला तरी समजायचं की मला कळलं. कामात असतो मी. प्रत्येक वेळी बोलत बसू का?"

आणि तसंच चाललं होतं. तो रिंग द्यायचा, मी कट करायचो, माझ्या लॅपटॉपवरून सिस्टिम बंद करायचो. वर आला की पुन्हा रिंग, पुन्हा कट. आमच्याकडे अर्धे व्यवहार मिस्ड कॉलवरच चालतात, त्यामुळे दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर आता तो दिवस. सकाळची वेळ, लख्ख ऊन. अंधार, पाऊस, अमावस्या असलं काही नव्हतं. मामांनी कोडोलीच्या एका पाणी संस्थेच्या चेअरमनना माझी सिस्टिम बघायला बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर दोन संचालक. संस्थेच्या ऑफिसात खुर्च्या मांडलेल्या, चहा, भजी. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. कोडोलीचं काम मिळालं तर पुढे आणखी संस्था मिळतील, अशी माझी मनातल्या मनात मांडणी चाललेली. आदल्या संध्याकाळी मी भिवाला फोन करून बजावलं होतं, "उद्या पाहुणे येणार आहेत. पाणी दणदणीत पडलं पाहिजे. मला कारणं नकोत."

पाळीचा सभासद आधीच शेतात जाऊन उभा होता. ऑफिसच्या मागेच त्याचा ऊस, पाटात पाणी येताना खिडकीतून दिसणार होतं. मी समजावून सांगत होतो, मोठ्या स्क्रीनवर पाळ्या दाखवत होतो... आणि भिवाचा फोन आला. मी कट केला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा कट केला आणि फोन पालथा घालून ठेवला. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. डोक्यात होतं, "हा नेमका आत्ताच कडमडणार." बाकी काही नाही. आमचं काय ठरलं होतं हे मला आठवलंसुद्धा नाही.

"आता बघा," मी पाहुण्यांना म्हणालो, "मी फक्त हे बटण दाबतो."

स्क्रिप्ट चालवली. लाल अक्षरं आली. कनेक्शन नाही. ॲक्सेस डिनाइड.

असं होतं कधीकधी, म्हणून मी हसून पुन्हा चालवली. पुन्हा लाल. मग मी ओळ नीट वाचली. ॲक्सेस डिनाइड फॉर युजर... आणि पुढे रोमन लिपीत, स्पष्ट : भिवा.

मला आधी वाटलं मीच चुकीचं वाचतोय. पण मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांनाच दिसत होतं. मामा चष्मा वर करून पुढे झुकले.

"भिवा? आरं, ह्यात भिवा कुठनं आला?"

कोडोलीचे चेअरमन मिश्कील हसले. "काय वं, तुमचा मोटरवाला कॉम्प्युटरात बी कामाला हाय व्हय?"

सगळे हसले. माझे कान तापले. मी स्क्रिप्ट उघडून बघितली. युजर "संस्था". पासवर्ड बरोबर. सगळं जागच्या जागी. सेव्ह केली, पुन्हा चालवली. भिवा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. भिवा. तोच पासवर्ड हाताने टाकून मी डेटाबेस उघडला तर तो बिनतक्रार उघडला. स्क्रिप्टमधून मात्र भिवा, भिवा, भिवा. खिडकीतून पाटाकडे बघितलं तर पाट कोरडा आणि तो सभासद कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभा.

आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यानेच काहीतरी केलंय. ऑफिसात येऊन कुणाच्या तरी मदतीने माझ्या फायली बदलल्यात, स्वतःचं नाव घातलंय, मला पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडायला. ज्या माणसाला मोबाईलवर मेसेज टाइप करता येत नाही त्याने माझी सिस्टिम हॅक केली, यावर मी त्या क्षणी मनापासून विश्वास ठेवला! भुतावर न ठेवणारा मी.

"मामा, हे त्याचंच काम आहे," मी ओरडलो. "पहिल्यापासून त्याला हे नको होतं. आज तर त्याला मी काढायलाच लावतो. चोर आहे तो!"

"आरं हळू, पावणं बसल्यात..."

"बसू देत! त्यांनाही कळू दे."

मी भिवाला फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. झालं, माझी खात्रीच पटली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटर सुरू करायला मला स्क्रिप्टची गरज नव्हती. स्टार्टरचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एक फोन लावला असता तर मोटर सुरू झाली असती, पाटात पाणी आलं असतं, पाहुणे खूश झाले असते. नंबर स्क्रीनवर काढलासुद्धा होता मी. पण मी तो लावला नाही. काही जाणवलं, मन कचरलं, आतून आवाज आला... असलं काही झालं नाही. मी लावला नाही कारण मोटर सुरू झाली असती तर भिवाविरुद्धचा पुरावा गेला असता. मला त्याला मोटर बंद असताना, रंगेहाथ, सगळ्यांसमोर पकडायचं होतं. निव्वळ खुन्नस म्हणून मी तो फोन लावला नाही.

मी मोटारसायकल काढली. मागून मामा, पाहुणे आणि संस्थेचे दोन कर्मचारी जीपमधून आले. बांधावरून जाताना मी जे तोंडाला येईल ते बोलत होतो. मोटरघराचं दार उघडं. बाकावर भिवाचा शर्ट, शर्टावर मोबाईल. स्टार्टरवर किटकॅट जागच्या जागी.

"भिवा! बाहेर ये, चोरा!"

खालून आवाज आला. अगदी दमलेला. "सायेब... आलासा व्हय?"

मी जॅकवेलच्या तोंडावरून वाकून बघितलं. भिवा खाली पाण्यात गळ्यापर्यंत उभा होता. एका हाताने लोखंडी शिडी धरलेली, दुसरा हात पाण्याखाली. फूटव्हॉल्व्हची जाळी काढून, हात आत घालून तो जलपर्णीची मुळं उपसत होता, आणि पाइपातल्या पाण्याच्या वजनाने आतली झडप त्याच्या हातावर बसली होती. हात निघत नव्हता. मोटर सुरू झाली असती तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही. मी रोज त्याचा विचार करतो, तेवढं पुरे आहे.

मी नुसता उभा राहिलो. हालचाल केली ती मामांनी. या वयात धावत जाऊन त्यांनी किटकॅट उपटलं आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरून ठेवलं. कर्मचारी पहार घेऊन खाली उतरले. झडप उचकटून त्याला वर काढलं तेव्हा त्याचा हात काळानिळा पडला होता, बोटं मोडली होती. थंडीने दात वाजत होते. कोडोलीच्या चेअरमननी अंगातलं जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"आरं, किटकॅट न काढता आत उतरलास कसा?" मामा रडवेले होऊन ओरडले.

"सायबास्नी फोन केलता की. खात्री म्हनून दोनदा. कट केला त्यांनी. म्हंजे कळलंय म्हटलं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आणि तेव्हा व्हायला हवं होतं त्याच्या उलटंच झालं. कोडोलीचे चेअरमन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानलं तुमाला! म्हंजे भिवा आत हाय हे मशीनला कळलं आनि मशीननं मोटर सोडलीच न्हाय. नाव सुदीक दाखवलं की वं! आनि आमी येड्यागत हासत बसलो."

मामांचा चेहरा उजळला. "व्हय रं मंदार? म्हणून तू एवढा तडतड करत पळालास?"

सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हणालो होतो, पण माणूस वाचल्याच्या आनंदात ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. खरं बोलायची तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो... सेफ्टीचं फीचर आहे ते."

ओलाचिंब भिवा जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होता.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मी ऑफिसात परत आलो. मोटरचं किटकॅट मामांच्याच खिशात होतं, म्हणून निर्धास्तपणे स्क्रिप्ट चालवली. एक अक्षरही बदललं नव्हतं. पहिल्या फटक्यात कनेक्शन झालं. युजर "संस्था".

नंतर कित्येक दिवस मी त्यामागे लागलो. स्क्रिप्टमध्ये युजरचं नाव राहून गेलं तर काही वेळा कॉम्प्युटरच्या लॉगिनचं नाव आपोआप घेतलं जातं, हे मला माहीत आहे. पण नाव राहून गेलं नव्हतं आणि त्या कॉम्प्युटरवर भिवा नावाचं लॉगिन नाही. डेटाबेसमध्ये त्या नावाचा युजर नाही, कधी नव्हता. पगारदारांची नोंद त्यात नाही, आणि भिवाची शेती नसल्यामुळे सभासदांतही त्याचं नाव नाही. सगळी फाइल धुंडाळली, ते नाव कुठेच नाही. मग डेटाबेसच्या सर्व्हरचा लॉग उघडला. कुणी दार वाजवलं, कुणाला आत घेतलं, कुणाला नाकारलं, सगळं त्यात उमटतं. त्या सकाळी मी हाताने उघडलेलं कनेक्शन त्यात होतं. दुपारी स्क्रिप्टने केलेलं होतं. पण स्क्रिप्टची ती सकाळची नकारघंटा... एकही नाही. म्हणजे सर्व्हरपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. मग नाही कोण म्हणालं? पुण्यातल्या माझ्या एका मित्राला, जो दिवसरात्र हेच काम करतो, त्याला सगळं पाठवलं. तो म्हणाला, "तू काहीतरी विसरतोयस." असेलही. पण स्क्रीन सात-आठ जणांनी बघितली होती.

पुढे माझा सत्कार झाला. संस्थेच्या सभेत, स्टेजवर. हार, शाल, श्रीफळ, फेटा. भिवाच्या हस्ते, आणि तेही प्लास्टर घातलेल्या हाताने. नंतर त्याची बायको मालन स्टेजवर आली आणि मी मागे सरकायच्या आत माझ्या पाया पडली. "माझं कुकू राखलासा," म्हणाली. टाळ्या वाजल्या. माझी पोरगी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी फेटा सावरायचं नाटक केलं, कारण कुठे बघावं ते कळेना.

तरीसुद्धा मी गप्प बसलो असतो. नुसती लाज माणूस पचवतो, मी पचवतच होतो. पण एक दिवस कोडोलीच्या चेअरमनचा फोन आला. "सायेब, ते माणूस वळखणारं सॉफ्टवेअर आमच्या जॅकवेलला कधी बसवतासा? मी आमच्या पोरास्नी सांगून टाकलंय, आता किटकॅट काढायची गरज न्हाय, मशीन बघतंय."

माझ्या एका वाक्यामुळे आता दुसरी माणसं, खिशात किटकॅट न घेता, पाण्यात उतरणार होती. त्यांच्या वेळी कुठलं नाव येणार होतं स्क्रीनवर?

त्यांना तिथेच सांगितलं. असलं काही सॉफ्टवेअर नाही, मी खोटं बोललो, आजच्या आज पोरांना सांगा की किटकॅट खिशात घातल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. काम अर्थातच गेलं. मग मामांना सांगितलं. मामा उठून आत गेले. आमच्या मोटरघरात मी स्वतः पाटी लावली, आत उतरणाऱ्याने किटकॅट बरोबर न्यावं, सिस्टिम खड्ड्यात गेली तरी चालेल. अगदी याच शब्दांत.

राहिला भिवा. परवा संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून वाकत नव्हती. मालनवहिनी आत स्वयंपाक करत होत्या. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. चोर म्हणत आलो होतो, ते. काढून टाकणार होतो, ते.

"ते म्हाईत हाय मला," भिवा म्हणाला. "बांधावरनं शिव्या देतच आलासा की तुमी. आवाज घुमतोय आत. समदं ऐकलं."

"मग सत्काराला का तयार झालास?"

"मामा म्हनलं, घाल हार. घातला."

मग मी फोनचं सांगितलं. कळलं म्हणून कट केला नव्हता, पाहुण्यांसमोर नको म्हणून केला होता. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तो मान खाली घालून दुसऱ्या हाताने बोटं चोळत राहिला.

"भिवा, तुझं नाव कसं आलं रे त्यात?" मी शेवटी विचारलं.

"मला काय इचारता? मला काय कळतंय त्यातलं?" मग तो म्हणाला, "हात अडकल्यावर मी वरडत हुतो. घसा बसंपतोर. 'मी भिवा हाय आत, सोडू नगासा,' म्हनून. कोन ऐकतंय तिथं?"

जॅकवेलपासून ऑफिसपर्यंत हाक ऐकू येणं शक्य नाही. आणि हाक ऐकू आली तरी ती एखाद्या स्क्रिप्टला... मी याच्या पुढे विचार करू शकत नाही. कुणाला याचं कारण सापडलं तर जरूर कळवा. मला सापडलेलं नाही आणि सापडेल असं वाटतही नाही.

मी म्हणालो, "वहिनींनाही सांगतो. त्या माझ्या पाया पडल्या होत्या."

भिवाने पहिल्यांदा मान वर केली. त्याचा आवाज चढला. "न्हाय. तिला सांगायचं न्हाय. रोज दिवा लावताना तुमच्या पोरीचं नाव घेती ती. सायबांच्या पोरीला सुखी ठेव म्हनती. तिचं देणं तिनं आपल्या परीनं फेडायला घेतलंय. ते तुमी मोडू नगासा."

तेवढ्यात मालनवहिनी दारात आल्या. "सायेब, पान वाढलंय. जेवल्याबिगर सोडायची न्हाय तुमास्नी."

भिवा आत गेला आणि त्याच्या मागोमाग मीही. ताटात गरम भाकरी होती, वांग्याची भाजी होती, आणि त्या स्वतः शेजारी बसून वाढत होत्या. माझ्या मुलीची चौकशी करत होत्या. कितवीत आहे, अभ्यास करते का. मी एकेका शब्दात उत्तरं देत होतो. त्यांनी दुसरी भाकरी ताटात टाकली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.